गंगूमावशीच्या गाईसाठी प्रार्थना

माझ्या मायला वाचता येत नव्हतं, पण आज कोणता अध्याय आहे ते तिला बाबांच्या आधी ठाऊक असायचं. कपाटाच्या दाराला आतून खळीनं चिकटवलेला वाचनाचा तक्ता होता. बाबा लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात वाढले. तिथल्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांजवळचा तक्ता त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात उतरवून आणला होता. सकाळी एक स्तोत्र आणि नव्या करारातला उतारा, संध्याकाळी जुन्या करारातले अध्याय, ओळीनं, एकही न वगळता. वर्ष संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून. मायनं आपला सगळा संसार या तक्त्यावर बसवला होता. नोहाच्या जहाजात जनावरं चढायला लागली की वावरात हुरडा तयार झाला समजायचं. योसेफाला भावांनी विहिरीत टाकलं की आंब्याला मोहोर. देवाची माणसं वाळवंटात भटकायला लागली की लाल मिरच्या वाळत घालायच्या, आणि ती भटकून दमायच्या आत कुटून डब्यात भरायच्या. बाबा शास्त्र उघडून खूण शोधत असायचे आणि माय चुलीपासूनच म्हणायची, "काल तो राजा मेला नाही का, त्याच्या पोराचं हाये आज." आणि ते तसंच निघायचं.

आम्ही तेव्हा पिंपळगाव राजाला राहत होतो. बाबा तिथल्या शाळेत मास्तर. नवं राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. शाळेत नवा नकाशा आला होता आणि त्यात पुणं आणि आमचं गाव एकाच रंगात रंगवलेलं बघून आम्हा पोरींना उगीच मोठं झाल्यासारखं वाटायचं. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. देऊळ खामगावला, तिथे महिन्यातून एकदा यस्टीनं जायचो. बाकी सगळं आमचं देऊळ म्हणजे सकाळी ओसरी आणि संध्याकाळी अंगण. घरात चौघं: बाबा, माय, माझी मोठी बहीण मार्थाताई आणि मी. माझं नाव एस्तेर, पण गावाला ते काही पेललं नाही. गावानं माझी इस्तरी केली, आणि शाळेतल्या पोरांनी "कोयसा टाकू का वं?" असं विचारून माझा जीव खाल्ला.

सकाळची प्रार्थना बाबांची आणि संध्याकाळची मायची, अशी वाटणी माझ्या जन्माआधीच झालेली होती. सकाळी बाबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, प्रार्थनेचं पुस्तक दोन्ही हातांत धरून उभे राहायचे. त्या पुस्तकातली मराठी इस्त्री केल्यासारखी होती, सुरकुती म्हणून नाही. "हे सर्वसमर्था" असं ते सुरू करायचे तेव्हा मला वाटायचं, देव खुर्चीत सावरून बसला असेल. संध्याकाळी मात्र देव आमच्या बाजेवर पाय वर घेऊन बसलेला असायचा. दिवसाचा अध्याय वाचायचं काम माझं. वाचून झालं की माय हात पुसत यायची, डोक्यावर पदर घ्यायची, डोळे मिटायची आणि बोलायला लागायची. तिच्या प्रार्थनेत सगळं गाव असायचं. कोणाचा गुडघा, कोणाच्या पोराची परीक्षा, कोणाच्या विहिरीला लागत नसलेलं पाणी. ती देवाला विनवायची कमी आणि आठवण जास्त करून द्यायची. "सोमवारी सांगतलं होतं तुले, तुह्या ध्यानात नाही राह्यलं वाटते."

उन्हाळ्यात ही प्रार्थना अंगणात व्हायची, आणि कुडाच्या पलीकडे गंगूमावशीचा मळा. गंगूमावशी माळ्याची. वांगी, भेंडी, सांबार असं काय काय लावायची. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ती देवीची भक्त, मंगळवारचा उपास कधी चुकवायची नाही, पण दिवे लागायच्या वेळेला ती हातातलं खुरपं ठेवून कुडापाशी येऊन उभी राहायची. "सारजाबाई, आज माह्या गाईचं घेजो वं," असं आधीच सांगून ठेवायची. मायचं बाप्तिस्म्याचं नाव सारा, ते गावात सारजा झालं होतं. मावशीची गाय त्या साली गाभण होती. मागच्या दोन्ही खेपेला गोऱ्हेच झाले होते, तिला या वेळी कालवड हवी होती. हळूहळू मावशीचं बघून आणखी दोघी-तिघी आपापली कामं मायकडे देऊ लागल्या. बाबा हसून म्हणायचे, "तुझी प्रार्थना म्हणजे टपालाची पेटीच झाली." माय म्हणायची, "मंग पेटीत टाकलेलं पोचते तरी."

त्या मे महिन्यात मार्थाताईला बघायला पाव्हणे आले. पुण्याहून आले, याचंच बाबांना अर्धं टेन्शन. मुलगा एका कारखान्यात नकाशे काढायच्या कामावर होता, नाव शमुवेल. त्याचे आईवडील तो लहान असतानाच गेलेले. त्याला त्याच्या आत्यानं वाढवलं होतं आणि तीच त्याच्याबरोबर आली होती. आत्याबाई उंच, पांढऱ्या सुती पातळातल्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी आमच्या अंगणात पाऊल टाकलं आणि बाबा, जे स्वतः मास्तर, ते एकदम विद्यार्थी झाले. मायनं आमरस केला होता आणि रसाबरोबर खायला सरगुंडे, गव्हाच्या पिठाचे, काडीवर गुंडाळून वळलेले. ते वळायला ताई आणि मी दोन दुपारी बसलो होतो. वांग्याच्या भरतावर मायनं विचारलं, "सांबार टाकू का वरून?" आत्याबाईंनी दचकून ताट मागे ओढलं. "वांग्यावर सांबार? नको नको, ते आम्ही फक्त इडलीबरोबर खातो." मायला इडली ठाऊक नव्हती. ती हातात हिरवी जुडी घेऊन उभीच राहिली. शमुवेल मात्र जुडी बघून खळखळून हसला आणि म्हणाला, "आत्या, कोथिंबीर आहे. मला टाका, भरपूर टाका."

संध्याकाळी अंगणात सडा टाकून बाजा मांडल्या. पाव्हण्याला मान म्हणून बाबांनी वाचन शमुवेलच्या हाती दिलं. मी खुणेचं पान उघडून दिलं तर त्या दिवशी तक्त्यात नेमका तो वंशावळीचा अध्याय आला होता. त्यात गोष्ट नाही, भांडण नाही, लढाई नाही, नुसती नावं. याचा तो, त्याचा तो, आणि प्रत्येक नाव जिभेला गाठ मारणारं. दुसऱ्या कोणी एखादं स्तोत्र वाचून वेळ मारून नेली असती. बाबा म्हणाले, "आज जे आहे ते आहे." शमुवेलनं सुरुवात तर ऐटीत केली. आठ-दहा नावांनंतर तो अडखळला, मग मागे गेला, मग एकाच्या बापाला त्याचा मुलगा करून बसला. दाराआड बसलेल्या ताईला हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला तरी आवाज आलाच. त्यानं पुस्तकातून वर पाहिलं, त्यालाही हसू आलं, आणि मग तो प्रत्येक नावाला थांबून, दाराकडे बघून, पुढचं नाव घ्यायला लागला. बाबा खोकले. पण मला अकराव्या वर्षीही कळलं की इथे काहीतरी जमलं.

मग माय उठली. पदर घेतला, डोळे मिटले. "देवबापा," ती म्हणाली, "आज आमच्या घरी पाव्हने आले. लंबून आले, यस्टीत धक्के खात आले, त्याइच्या कंबरा दुखत असतीन, त्याइले चांगली झोप देजो. पोरगा चांगला दिसते. तुले आंदरचं दिसते, आमाले वरचंच दिसते, म्हून तूच पाह्यजो. आन् आमच्या गंगूच्या गाईचे दिवस भरून राह्यले. मांगच्या खेपेले गोऱ्हा देल्ला तू, त्याच्या आंधी बी गोऱ्हाच देल्ला. आता कालवड दे. किती गोऱ्हे ठेवीन ते?" इथे एक आवाज आला. आत्याबाई हसल्या होत्या. मोठ्यानं नाही, नाकातून, जसं वर्गात एखाद्या पोराचं चुकलेलं उत्तर ऐकून हसतात तसं. माय थबकली. मग पटकन "येशूच्या नावानं मागतो, आमेन," म्हणून खाली बसली.

"राग मानू नका हं," आत्याबाई म्हणाल्या. आवाज अगदी गोड होता. "पण देवाशी असं बोलतात का? कलेक्टरसमोर उभं राहिलो तर आपण नीट, शुद्ध बोलतो की नाही? आणि गाईचं काय ते! गुरुजी, तुम्ही एवढे शिकलेले, यांना कधी शिकवलं नाहीत?"

बाबा हसले. ते तसं हसणं मी त्यांच्या तोंडावर आधी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "खेड्यातली बोली आहे त्यांची. सवय जात नाही."

खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी मायची लाज वाटली. मी शाळेत पहिली येणारी, पुस्तकातलं बोलणारी पोरगी. मला वाटलं, माय जरा थोडक्यात आटपती तर काय बिघडलं असतं? एवढी वर्षं झाली, आता माझ्या फोनवर रोज सकाळी सहा वाजता दिवसाचं वाचन आपोआप येतं, आणि तो वंशावळीचा अध्याय आला की मी तो घाईघाईनं पुढे सरकवते. नावं कठीण आहेत म्हणून नव्हे.

पाव्हणे दुसऱ्या दिवशी गेले. त्या संध्याकाळी मी वाचून संपवलं आणि माय जागची उठली नाही. "तुमीच करा," ती बाबांना म्हणाली. बाबांनी पुस्तक आणून सकाळचीच प्रार्थना संध्याकाळी वाचली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. माय रागावली नव्हती. स्वयंपाक करत होती, हसत-बोलत होती, फक्त त्या वेळेला ती डोळे मिटून गप्प बसायची. आमचं अंगण शाळेतल्या हजेरीसारखं नीटनेटकं आणि कोरडं झालं. चौथ्या दिवशी गंगूमावशी कूड ओलांडून आत आली, कमरेवर हात ठेवून.

"काऊन वं सारजाबाई, माह्या गाईनं काय केलं तुयं? चार दिस झाले, नाव नाही घेतलं तिचं."

"माही भाषा चांगली नाही म्हने," माय भांडी घासता घासता म्हणाली. "देवासंग असं नाही बोलत."

"कोन म्हने?"

"ते पुन्याच्या बाई."

"मंग देव बी पुन्याचा हाये का?" गंगूमावशीनं विचारलं. माय इतकी हसली की राखेचा हात तिच्या कपाळाला लागला. पण संध्याकाळी ती पुन्हा गप्पच बसली.

आठवड्यानं पुण्याहून पत्र आलं. मुलगी पसंत आहे. बाबांनी ते पत्र उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं, मग ताईला हाक मारली. ताई चुलीपुढून आली. ती तशी कमी बोलायची, घरात आवाज चढवायची तर नाहीच. म्हणाली, "मले पोरगा आवडला. पर जथी माह्या मायले हासले, तथी मी नाही जात."

"अगं, त्या बाई जुन्या वळणाच्या आहेत. मनात काही नव्हतं त्यांच्या," बाबा म्हणाले.

"त्या हासल्या त्याचं मले एवढं नाही वाटलं, बाबा," ताई म्हणाली. "त्या परक्या हायेत." आणि ती आत निघून गेली. पुढचं तिनं सांगितलं नाही, पण अंगणात उभ्या असलेल्या आम्हा दोघांनाही ते ऐकू आलं. बाबांनी पत्राची घडी केली, ती पुन्हा उलगडली, पुन्हा केली. शाळेला सुट्टी होती तरी दुपारी उन्हात शाळेत जाऊन बसले.

संध्याकाळी बाजा मांडल्या. मी अध्याय वाचला. माय बसून राहिली. बाबा उठले, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांच्या हातात पुस्तक नाही. हात मोकळे असल्यानं त्यांना ते कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. आधी मागे बांधले, मग पुढे घेतले. कुडाच्या पलीकडे गंगूमावशी होतीच.

"देवबापा," बाबा म्हणाले, आणि थांबले. "देवबापा, माझ्या... माह्या बायकोले माह्यासमोर कोणी हसलं. आणि मी... आन् मी बी हासलो. तिची लाज वाटली मले. एवढी वर्षं ती या घरासाठी तुझ्याशी... तुह्यासंग बोलून राह्यली, आणि मी एका बाईपुढं तिला खेड्यातली म्हटलं. मले माफ कर. तिनंही करावं, पण ते तिच्यावर आहे." त्यांची बोली जागोजाग फाटत होती. बोर्डिंगात छड्या खाऊन पुसलेली भाषा ते आता तुकड्यातुकड्यानं गोळा करत होते. कोणी हसलं नाही. मग बहुतेक आपण नुसतं स्वतःचंच मागितलं असं त्यांना वाटलं असावं, कारण ते घाईनं पुढे म्हणाले, "आन् गंगूबाईची गाय हाये. तिचे दिवस भरले. तिला, तिले, या खेपेला चांगला बैल होऊ दे."

"अरे देवा!" कुडाआडून गंगूमावशी किंचाळली.

"बैल नाही हो!" माय डोळे उघडून उभीच राहिली. "कालवड! कालवड म्हना! दोन गोऱ्हे झाले तिले!" आणि बाबांनी काही म्हणायच्या आत तिनं पदर घेतला, डोळे मिटले. "देवबापा, याइचं आयकू नोको, याइले जनावरातलं समजत नाही. कालवडच पाह्यजे. आन् याइले माफ करजो, मी केलं. आन् माह्या मार्थीचं..." आणि मग ती जी सुरू झाली ती आठ दिवसांची सगळी थकलेली कामं उरकूनच थांबली. गुडघे, विहिरी, परीक्षा, आणि मधे कधीतरी त्या पुण्याच्या बाईंची कंबरही. बाबा तिच्या शेजारी मान खाली घालून उभे होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की रडत होते, हे मी पुढे त्यांना एकदा विचारलं. म्हणाले, "मलाही तेव्हा कळलं नाही."

गाईला गोऱ्हाच झाला. गंगूमावशीचं ठाम मत शेवटपर्यंत हेच होतं, की सारजाबाईचं सगळं बरोबर चाललं होतं, मास्तर मधात बोलले अन् घोय झाला.

बाबांनी पुण्याला खरं ते लिहिलं. मुलगी असं असं म्हणते, आणि तिचं बरोबर आहे. उत्तर आलं नाही. उत्तराऐवजी दहा-बारा दिवसांनी शमुवेलच आला, एकटा, धुळीनं माखलेला. लग्न ठरवायचं असताना मुलानं एकट्यानं यावं, असं तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं. त्याला ताईशी बोलायचं होतं. मायनं मला दोघांबरोबर मळ्यात पाठवलं, आणि मी भेंडीच्या ओळीत बसून सगळं ऐकलं.

"तुम्ही हासले नाही, ते मी पाह्यलं," ताई म्हणाली. "पर बोलले बी नाही."

"नाही बोललो," तो म्हणाला. "आत्यानं मला वाढवलं. तिच्यासमोर माझी जीभ उचलत नाही."

"मंग लग्न झाल्यावर उचलन का?"

"इथे यायच्या आधी उचलली," तो म्हणाला. "तिला सांगितलं की तू चुकलीस. दोन दिवस जेवली नाही ती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, जा. आणि मी तिला आणखी एक सांगून आलोय. लग्नाच्या जेवणाआधीची प्रार्थना तुमच्या आईच करतील. त्यांच्या भाषेत."

ताईनं एक कोवळी भेंडी तोडली, मोडून पाहिली, अर्धी त्याला दिली. दोघांनी ती कच्चीच खाल्ली. मी घरी धावत जाऊन सांगितलं, झालं म्हणून.

लग्न थंडीत, खामगावच्या देवळात झालं. पाळकसाहेबांनी विधी केला, गाणी झाली, आणि देवळामागच्या मोकळ्या जागेत पत्रावळी मांडल्या. अर्धं पिंपळगाव आलं होतं. गंगूमावशी नवं लुगडं नेसून पहिल्या पंगतीत. माझ्या एका बाजूला आत्याबाई बसल्या होत्या, ताठ, पांढऱ्याशुभ्र. भात वाढला, वरण वाढलं, जिलबी वाढली, आणि माय उभी राहिली. तिला एवढ्या लोकांची भीती वाटेल असं मला वाटलं होतं. तिनं फक्त पदर घेतला आणि सुरू केलं. नवरानवरी झाले, पाळकसाहेब झाले, वाजंत्री झाले, पहाटेपासून चुलीपुढे बसलेला आचारी झाला, पाव्हण्यांना घेऊन आलेल्या बैलगाड्यांचे बैल झाले. भातावरची वाफ विरली. वरणावर साय धरली. गंगूमावशीच्या गाईचंही नाव आलं, आणि पंगतीत कोणीतरी "हाव, हाव," म्हणालं. मायनं श्वास घ्यायला उसंत घेतली, तेवढ्यात माझ्या शेजारून एक खणखणीत, शाळेतलं "आमेन" आलं. आत्याबाईंना भूक लागली होती. त्यांच्या मागोमाग निम्म्या पंगतीनं आमेन म्हटलं आणि हात भाताकडे गेले.

मायनं डोळे उघडले नाहीत. "थांबा हो आत्याबाई," ती म्हणाली, "तुमचंच नाव घ्याचं राह्यलं अजून."

सगळे हात जागच्या जागी थांबले. आत्याबाईंचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी हळूच पदर डोक्यावर ओढला, हात जोडले. "देवबापा," माय म्हणाली, "या बाईनं मायबाप नसलेलं लेकरू वाढवलं. एकटीनं वाढवलं. तिच्या हातातून आता ते आमच्या पोरीच्या हाती आलं. ते बाई घरी एकटी नोको राहू देजो. माही पोरगी तिची पोरगी होऊ दे. येशूच्या नावानं मागतो. आमेन."

या वेळी पंगत मोठ्यानं आमेन म्हणाली, आणि लगेच जेवायला लागली. आत्याबाईंनीही म्हटलं, पण इतकं हळू, की ते फक्त शेजारी बसलेल्या मलाच ऐकू आलं.